पंपाची दांडी

९ ऑक्टोबर १९५७
चांद्याहून पत्र आलं. नेमणूक पक्की. मुलींच्या हायस्कुलात मुख्याध्यापिका. १८ नोव्हेंबर, सोमवारी रुजू व्हायचं. राहायला शाळेच्याच आवारात दोन खोल्या. अर्जात वय लपवलं नव्हतं, बावन्न लिहिलं होतं, तरी घेतलं.
पत्र आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग नवऱ्याला, म्हणजे डॉ.ना, वाचून दाखवलं. त्यांना कागद आता नुसता पांढरा दिसतो. ऐकून घेतलं. म्हणाले, "चांगलं झालं. पण गाडी?"
"गाडीचं काय?"
"गाडी इथं टाकून मी येणार नाही."
बी. ए. झाल्यावर एक वर्ष शिकवलं, मग लग्न करून या गावात आले, त्याला तीस वर्षं झाली. नवऱ्याच्या दवाखान्यात बाटल्या भरल्या, पुड्या बांधल्या. हे पत्र म्हणजे बाहेर पडायची एकच वाट, आणि तिच्यावर गाडी आडवी.

१० ऑक्टो.
गाडीची स्थिती. छत्तीस साली घेतलेली. गेल्या महिन्यात सोमा गडचिरोलीहून आणत होता तेव्हा गावाबाहेर दोन मैलांवर बंद पडली. बैल जुंपून आणली. तेव्हापासून गोठ्यात. शेजारी म्हैस.
सोमा ढिवर म्हणजे आमचा ड्रायव्हर. गाडीचं जे काय कळतं ते गावात या दोघांनाच, डॉ.ना आणि त्याला. डॉ.ना दिसत नाही. सोमा जंगलात आहे, कोसा म्हणजे रानरेशमाचे किडे राखायला. किडे ऐनाच्या झाडांवर सोडले की कोश बांधून होईपर्यंत राखणारा घरी येत नाही. दाढी-डोकं नाही, अंगाला तेल नाही, बाजेवर झोपायचं नाही. बाईमाणसानं हद्दीच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्याची बायको भागरथा दुपारी भात हद्दीवर ठेवून मागं फिरते.
आज भांडी घासताना म्हणाली, "माह्यापेक्षा त्या किड्यायवरच त्याची माया जास्त हाये जी बाई. किडा खोकलला त रात्रभर जागते, मी खोकलली त कूस बदलते."
विचारलं, कधी येईल?
"किडे बांधतीन तवा. त्यायले का तुमची तारीख मालूम हाये?"

१२ ऑक्टो.
डॉ.ना हात धरून गोठ्यात नेलं. इंजिनातली तेलाची पट्टी काढून त्यांच्या नाकाशी धरली. क्षणभरात म्हणाले, "तेलात पेट्रोल उतरलंय. पंपाचा पडदा फाटला." चेहऱ्यावर जुना रंग आला. रोग ओळखला की यायचा तो.
पंप कसा चालतो ते बसून समजावलं. छान समजावतात, हे मान्य केलं पाहिजे. टाकी मागं, खाली. इंजिन पुढं, वर. पेट्रोल आपण होऊन चढणार नाही. इंजिनाच्या पोटात एक चकती फिरते, ती पंपाची दांडी ढकलते, दांडी पडदा ओढते, पडदा पेट्रोल ओढतो. पडदा फाटला की सगळं बंद.
दोन बोल्ट. मी काढले. पाना कसा धरायचा तेही त्यांनीच सांगितलं. पंप हातात आला, वर काचेची वाटी, आत गाळ. सहा स्क्रू काढून उघडला. पडदा खरोखरच फाटलेला, नखाएवढी चीर. एवढ्याशा चिरीसाठी चांदा अडलंय.

१३ ऑक्टो.
कादरभाई डाकेची मोटार घेऊन आला. त्याचा उपाय: "बाई, छत पे डबा बांधो, त्याला नळी लावो, पेट्रोल आपोआप खाली उतरतं. सिरोंच्यापर्यंत गेलो मी तसा."
डॉ. संतापले. "माझ्या गाडीवर डबा?"
मीही नको म्हटलं, पण वेगळ्या कारणानं. डोक्यावर पेट्रोलचा डबा घेऊन नदी ओलांडायची नाही मला.
कादरभाईच्या मोटारीनं मी एकटी जाऊ शकते. डॉ. स्वतःच म्हणाले, "तू जा त्याच्याबरोबर. मी गाडीबरोबर येईन." गाडीबरोबर, म्हणजे कधीच नाही. आणि ज्याला पेल्यातलं पाणी कुठवर आलं ते बोट बुडवून बघावं लागतं, त्याला सोडून मी कशी जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

१४ ऑक्टो.
नवा पडदा इथं मिळणार नाही. करायचा. डॉ. म्हणाले, मूळचा पडदा कापडाचाच असतो, लेप दिलेला. कापड घट्ट विणीचं हवं, पातळ, चिवट. सुती चालणार नाही.
ट्रंकेतून डॉ.चं कोशाचं सोवळं काढलं. लग्नानंतर एकदाही नेसले नाहीत, देव मानत नाहीत. कापताना कात्री कुरकुरली. चार गोल कापले.
लेप लाखेचा. लाख इथं हवी तेवढी, स्पिरिटही दवाखान्यात आहे. पेट्रोलानं लाख विरघळत नाही, पण वाळली की काचेसारखी तडकते. यावर दुपारभर अडले. मग आठवलं, जखमेवर लावायचं कोलोडियन लवचीक करायला आपण त्यात एरंडेल घालतो. तीस वर्षं घातलं आहे. लाखेतही घातलं.
डॉ.ना सांगितलं. म्हणाले, "किती घातलंस?" सांगितलं. मान हलवली. मला वाटलं खूश झाले.

१६ ऑक्टो.
दोन थर वाळले. तिसरा दिला. म्हशीनं शेपटी मारून एक गोल खराब केला. तीन उरले.

१८ ऑक्टो.
पडदा सकाळपासून संध्याकाळपर्यंत पेट्रोलात बुडवून ठेवला. विरला नाही, चिकटला नाही, दुमडला तर तडकला नाही. शंभरदा दुमडला, मोजून.
आज दवाखान्यात एक बाई म्हणाली, "तुमी चांद्याले चालल्या म्हंतेत. मंग आमच्या डॉक्टरसायबाले कोन पाहीन?" मी म्हटलं, डॉक्टरसाहेबही येणार आहेत. ती हसली. "सायेब? सायेब थोडीच जातेत जी."
गावाला माझ्याआधी कळतं.

१९ ऑक्टो.
लिहिताना हात दुखतो आहे. ते असो.
सकाळी पंप जोडला. सहा स्क्रू समोरासमोरचे धरत थोडे थोडे आवळले. मग इंजिनावर बसवायचा. भोकातून आत बघायला जागाच नाही, दांडी आंधळेपणानं आत घालायची. डॉ. शेजारी स्टुलावर होते.
विचारलं, "दांडी चकतीच्या वर की खाली?"
"खाली."
"नक्की?"
"खालून सरकव. अडेल थोडी. दाबून बोल्ट आवळ."
अडली. दाबली. आवळले. गाडीच्या पुढून हँडल घातलं आणि फिरवलं. आतून वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज. हँडल हातातून सुटून मनगटावर बसलं.
पंप काढला. दांडी मुळापासून मोडली. पडद्याला काही झालेलं नाही.
डॉ.नी मोडका तुकडा चाचपला. "अंदाज चुकला," म्हणाले. "विसरलो असेन. वय झालं."

२० ऑक्टो.
मनगटाला पट्टी. डॉ.नीच बांधली, बघायची गरज पडली नाही. कपाटात साठ बाटल्या आहेत. त्यांतली पाहिजे ती बाटली ते अजून बुचाच्या स्पर्शानं काढून देतात.

२३ ऑक्टो.
दिवाळी. चार पणत्या लावल्या. भागरथेला लुगडं दिलं. डॉ. दिवसभर प्रसन्न. चहा घेताना म्हणाले, "शाळेला कळवून टाक ना. तेही समजून घेतील. नवऱ्याचे डोळे गेले आहेत म्हणावं."
कळवणार नाही.

२४ ऑक्टो.
भागरथेबरोबर कोशाच्या जंगलावर गेले. अडीच कोस चालत. वाटेत तिनं बजावलं, "हद्दीत पाय नका टाकू बाई. किडे मेले त गाव मलेच बोलन." मी म्हटलं, माझा या गोष्टींवर विश्वास नाही. म्हणाली, "तुमचा नसन. किड्यायचा हाये."
हद्द म्हणजे झाडाझाडांना बांधलेली गवताची दोरी. खाली राख. पलीकडे सोमा, केस खांद्यापर्यंत, दाढी, हातात गोफण. पाखरांवर नजर. ओळखू आला नाही पहिल्यांदा.
"तिथीच उभ्या राहा जी. वारा इकडं हाये, अन् तुमच्या हाताले पेट्रोलचा वास हाये."
मागं सरकले. वीस हातांवरून ओरडून विचारलं. दांडी वर की खाली?
त्यानं गोफण खाली ठेवली. डावी मूठ वळली, ती चकती. उजवा हात कोपरात वाकवून मुठीवर ठेवला. मूठ फिरवली, कोपर वरखाली झालं.
"वरतून बसते बाई. खालतून घातली त पहिल्याच फेऱ्यात मोडते."
"मोडली."
"काऊन? सायबाले नाई विचारलं का? सायबानंच त मले शिकवलं. युद्धाच्या टायमाले नवा पंप त्यायनं स्वतः बसवला, मी कंदील धरून होतो. दहा वेळा म्हनाले, सोमा, वरतून, वरतून, खालतून घातली त सत्यानाश."
भागरथा माझ्याकडे पाहत होती. मी झाडाकडे पाहिलं. पानाच्या देठाला हिरवा गलेलठ्ठ किडा, सावकाश खात होता.
म्हटलं, एक दिवस ये सोमा. फक्त एक दिवस. मी तुझ्याकडून कधी काही मागितलं नाही.
"नाई जमत बाई. तुमी बोलल्या अन् मी नाई आलो असं कधी झालं का? पन आता मी किड्यायचा हाये. बांधू लागले का येतो."
"कधी?"
"ह्या वर्सी ढगं लय. उशीर हाये."
रागानं परत फिरले. अर्धी वाट चालल्यावर राग गेला. महिन्याभरात मला सरळ उत्तर देणारा तो एकटाच.

२५ ऑक्टो.
डॉ.ना काही बोलले नाही. विसरले असतीलही. तेरा वर्षं झाली त्याला. माणूस विसरतो.
पण 'दाबून आवळ' कशाला म्हणाले?

२६ ऑक्टो.
रडगाणं पुरे. नवा पंप.
चांद्याच्या मोटारीच्या सामानाच्या दुकानदाराला कादरभाईकरवी विचारलं होतं, आज निरोप आला. दोन आहेत. एक विजेवर चालणारा, नवा. दुसरा लष्कराच्या लिलावातला, ट्रकचा, दांडीचाच, डबीत पडून, पडदा वाळून गेलेला.
डॉ. म्हणाले, विजेचा घे. दांडीची भानगडच नको. आज अगदी उत्साहानं म्हणाले.
विचार केला. विजेचा पंप बॅटरीवर चालणार. आमची बॅटरी म्हातारी, गेल्या वर्षीपासून हँडलवरच काम. बॅटरी बसली की पंप बसला. तो बंद असतो, उघडून काही कळत नाही. लष्करी पंप मी उघडू शकते. आत काय आहे, मला माहीत आहे. त्याचा पडदा मी करू शकते.
लष्करी.
मोडक्या पंपाचा ठसा कागदावर काढला, भोकांमधलं अंतर दोऱ्यानं मोजून लिहिलं, दांडीची लांबी, तिचा बाक, सगळं. कादरभाईला दिलं. त्यानं कागद उलटसुलट पाहिला. "बाई, हे तर दागिन्याचं माप वाटतं."
डॉ.ना सांगितलं, विजेचा नाही मागवला. "का?"
म्हटलं, "मला समजेल असा मागवला."

३१ ऑक्टो.
पंप नाही. कादरभाईची मोटार नाल्यात दोन दिवस अडकली होती म्हणे.
आज सारखी भूगोलाचा तास घेतल्यासारखी मनात घोकते आहे. गाव ते गडचिरोली नऊ कोस. पुढं वैनगंगेचा घाट. नाव. पलीकडे मूल, पुढं चांदा. पाच ओळी फळ्यावर लिहिता येतील. तीस वर्षांत मी एकूण सात वेळा चांद्याला गेले. सातही वेळा त्यांच्या कामानं.

४ नोव्हें.
पंप आला. डबीत, मेणकागदात. जड. भोकं बरोबर जुळतात. याला बाजूला एक छोटा खटका आहे, तो हातानं वरखाली केला की इंजिन न फिरवता पेट्रोल चढतं. लष्कराची सोय.
दांडी मात्र आमच्यापेक्षा लांब आहे. बोटाच्या पेराच्या निम्म्यानं.

५ नोव्हें.
उरलेल्या दोनांतला एक गोल या पंपाच्या मापाला कापून बसवला. अगदी बसला.
लांब दांडीचं काय? तशीच बसवली तर चकतीवर जास्त दाबेल. ही मोडली तर तिसरी मिळायची नाही, वेळही उरायचा नाही. पंप थोडा बाहेर धरायला हवा, म्हणजे मधे जाड पॅकिंग. किती जाड?
कोणाला विचारायचं नाही ठरवलं.

६ नोव्हें.
दवाखान्यातलं मेण दांडीच्या टोकाला लावलं. पॅकिंग न घालता पंप नुसता टेकवला, वरून, आणि हँडल अगदी सावकाश, चिमटीत धरल्यासारखं, एक फेरा. काढून मेणावरचा ठसा पाहिला. फारच खोल. एक पुठ्ठा घालून पुन्हा. मग दोन. तीन पुठ्ठ्यांवर ठसा नीट आला, जुन्या दांडीवर जिथं घासल्याची चकाकी होती बरोबर तेवढाच.
पुठ्ठा घट्ट हवा. या वहीचं मागचं कव्हर कापलं. म्हणून आजपासून वही पाटीवर ठेवून लिहिते आहे. लाख आणि एरंडेल पाजून वाळत घातला.

८ नोव्हें.
संध्याकाळी डॉ. ओसरीवर होते. मी जाऊन समोर बसले. ठरवून नव्हे.
म्हटलं, "दांडी वरून बसते."
"सोमा बोलला?"
म्हणजे उत्तर मिळालं. किंवा नाही मिळालं. 'विसरलो होतो' असं ते पुन्हा म्हणाले नाहीत एवढं खरं.
मग म्हणाले, "इथं मला दार शोधावं लागत नाही. चूल कुठं, विहीर कुठं, कोण खोकतंय, कोणाच्या वहाणा. इथं मी डॉक्टर आहे. तिथं हेडबाईंचा आंधळा नवरा."
मला दया यायला हवी होती. आली, पण मागून. आधी तोंडातून गेलं, "तिथं दोनच खोल्या आहेत. आठ दिवसांत पाठ होतील."
"तुझं सगळं सोपं."
"सोपं असतं तर तीस वर्षं लागली नसती."
उठून आत गेले. दिवा लावायचा राहिला होता. त्यांना तसाही फरक पडत नाही, मी अंधारात तांदूळ निवडत बसले. ते मूर्खपणाचं होतं.

९ नोव्हें.
पंप बसवला. दांडी वरून. बोल्ट आवळताना कुठंही अडलं नाही, आणि तेव्हाच कळलं की बरोबर आहे.
डॉ. न बोलावता गोठ्यात आले, भिंत धरून. म्हणाले, "खटका माझ्या हातात दे."
क्षणभर नको वाटलं. मग त्यांचं बोट खटक्यावर ठेवलं. ते सावकाश दाबत राहिले, मान तिरकी, नाडी बघताना करतात तशी. काचेची वाटी मला दिसत होती, त्यांना नाही. पंधरा वेळा, वीस वेळा. वाटीत पेट्रोल चढायला लागलं, आणि मी सांगायच्या आत ते म्हणाले, "भरली. हाताला जड लागतंय."
हँडल. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. म्हैस दावं तोडून पळाली. भागरथा दारातून ओरडली, "बाई, चालली! चालली जी तुमची गाडी!" गाडी की म्हैस, कोण जाणे.
दहा मिनिटं चालू ठेवली. कुठंही गळत नाही. डॉ. पूर्ण वेळ बॉनेटवर हात ठेवून उभे. चेहरा मला वाचता आला नाही.

१० नोव्हें.
भागरथेकडून निरोप. किडे अजून बांधत नाहीत. आणखी आठ-दहा दिवस तरी.
पंप झाला, आता ड्रायव्हर नाही. डॉ.ना सांगितलं, त्यांनी नुसता चहा मागितला. घरातल्या घरात पुन्हा कडी लागली.

११ नोव्हें.
मी चालवणार.
कादरभाईला अडवून अर्धा तास मागून घेतला. क्लच, ब्रेक, गेर. तो हसून हसून दमला. "बाई, ही बैलगाडी नाही, हाट् म्हटल्यावर थांबत नसते. पाय दाबो." शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या. चौथ्या फेरीत कुंपणाचे दोन खांब गेले.
एकवीस वर्षं या गाडीत डाव्या बाजूला बसले. स्टिअरिंगच्या चक्राला कधी हात लावू दिला नव्हता.

१३ नोव्हें.
मैदानाला अकरा फेऱ्या. आज डॉ. शेजारी येऊन बसले. इंजिनाच्या आवाजावरून सांगतात. "आता दुसऱ्यात टाक." "क्लच सोड. हळू. अजून हळू." दर वेळी बरोबर.
दर वेळी मी अर्धा श्वास थांबून मगच करते. त्यांना कळत असणार. इंजिनाला तरी कळतंच, आचके खातं.

१५ नोव्हें.
सामान बांधलं. दोन ट्रंका, त्यांच्या बाटल्यांची पेटी, पाण्याची छागल. उरलेला एक कोशाचा पडदा, पाना, मेण. मोडकी दांडी डॉ.नी मागून घेतली, कोटाच्या खिशात ठेवली. का, ते विचारलं नाही.
ते येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत. संध्याकाळी दाढी करून घेतली.

१६ नोव्हें. गडचिरोली
निघालो. पहाटे नव्हे, चांगलं उजाडल्यावर, मला दिसायला हवं. भागरथेनं गाडीला हळदकुंकू लावलं. "बाई, सोम्या येईन मागून, किडे झाले का." गावातली माणसं वाटेवर उभी. कोणी हात जोडत होतं, सगळे डॉ.ना. त्यांना दिसत नव्हतं, पण ते दोन्ही बाजूंना मान लववत होते आणि एकदाही चुकीच्या बाजूला लववली नाही.
नऊ कोसांना पाच तास. दुपारच्या उन्हात चढावर इंजिन गुदमरलं, पेट्रोलची नळी तापून आत वाफ झाली. डॉ. म्हणाले, "ओलं फडकं पंपावर." छागलीतल्या पाण्यात पंचा भिजवून गुंडाळला. त्यांनी उतरून खटका दाबला. पुन्हा लागली.
वाटेत एकदा म्हणाले, "ऐनाचा वास येतोय. सोमाचं जंगल इथंच कुठं तरी." तिथंच होतं. मी फक्त हो म्हटलं.

१७ नोव्हें. वैनगंगेचा घाट
उद्या सोमवार. पलीकडचा काठ दिसतो आहे, तिकडची बैलं दिसताहेत.
दोन डोंगे जोडून वर फळ्या टाकल्या आहेत, त्यावर गाडी न्यायची. काठावरून नावेवर चढायला दोन फळ्या, एका चाकापेक्षा थोड्या रुंद. मधे पाणी, खोल. नावाडी म्हणतो, ढकलून चढत नाही, चढ आहे, इंजिनावरच घ्या. गाडी सरळ चढली तर ठीक. वीतभर इकडंतिकडं झाली तर...
डॉ.ना म्हटलं, तुम्ही उतरून चालत चढा. नाही म्हणाले. "मी गाडीबरोबरच." हात कोटाच्या खिशात, मोडक्या दांडीवर.
नावाडी नावेवर समोर उभा राहून हात दाखवतो म्हणतो. डावीकडे, उजवीकडे. "माह्या हाताकडं पाहा बाई, दुसरीकडं कुठी पाहू नका."
डॉ. म्हणतात त्याची गरज नाही. फळीवर चाक चढलं की आवाजावरून कळतं कुठल्या बाजूला चाललीये. "मी सांगतो तसं घे. चुकणार नाही."
नदीचा आवाज, बैलांचा आवाज. दोघंही सांगणारच. ऐकता एकाचंच येईल.
पंपाचा खटका दाबून वाटी भरून ठेवली आहे. फडकं ओलं केलं आहे. हँडल मारायला नावाड्याचा माणूस उभा आहे.
नाव काठाला लागली.